संदर्भ विभागातल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात प्रबंध सादर केला. ऋणनिर्देशात तुमचं नाव आहेच, पण तिथे मार्गदर्शक, विभागप्रमुख, सासर, माहेर अशी रांग लागते आणि प्रत्येकाच्या वाट्याला एखादी ओळ येते. माझं एका ओळीत भागत नाही. शिवाय विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागातलं माणूस नेमकं काय करतं, हे बाहेर फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

नवी पुस्तकं कोणती आली, प्रशिक्षण कधी आहे, परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा राहणार, हे तुम्ही फलकावर लावता आणि संशोधकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकता. पण तुमचं काम तिथे संपत नाही. ‘हे तुझ्या विषयाचं आहे, बघून घे’ अशी वेगळी ओळ त्या त्या मुलीला, त्या त्या मुलाला जाते. कोण कशावर काम करतंय, कोणाचं कुठे अडलंय, हे तुम्हाला तोंडपाठ. शाळेतली नोकरी आणि घर सांभाळून बडोद्यातल्या दांडिया बाजारातून रोज येणं मला जमत नव्हतं. तुमची ती ओळ आली की ग्रंथालयच घरी चालत आल्यासारखं वाटायचं.

जानेवारी 2025 मध्ये केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 नियतकालिकं देशभरातल्या सरकारी विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना खुली झाली. तोवर एकेका लेखासाठी डॉलरमधली किंमत बघून मी पान बंद करत असे. वर्तमानपत्रांत या योजनेबद्दल जे आलं, त्यात भर विज्ञान-तंत्रज्ञानावर होता. तुम्ही मात्र ऑक्सफर्ड, केंब्रिज, टेलर अँड फ्रान्सिस यांच्या याद्या चाळून इतिहास आणि शिक्षण या विषयांची नियतकालिकं वेगळी काढलीत आणि आम्हा मानव्यशाखेच्या लोकांना पाठवलीत. घरून लॉगिन कसं करायचं ते शेजारी बसवून दाखवलंत. माझ्या दुसऱ्या प्रकरणाची निम्मी संदर्भसूची त्या यादीतून उभी राहिली.

पण ताई, खरं ऋण ‘लायब्ररी मिसेलनी’ या जुन्या नियतकालिकाचं आहे. माझा विषय बडोदा संस्थानातली ग्रंथालय चळवळ. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन साहेबांना बोलावलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या, गावानं वर्गणी जमवली की सरकार आपली भर घालू लागलं, एवढं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मला हवा होता त्या काळातल्या मराठी वाचणाऱ्यांपर्यंत पोचलेला मजकूर. 1912 मध्ये बडोद्यातून निघालेल्या या नियतकालिकाचं नाव मी इंग्रजी लेखांच्या तळटिपांमध्ये पाहिलं होतं. त्यात गुजरातीबरोबर मराठी विभागही असे, हे तुम्ही सांगितलंत! नाव इंग्रजी, त्यामुळे सूचीत मराठीतून शोधलं की ते हाती लागत नव्हतं. कोणत्या नावानं मागायचं, संपादक म्हणून कुडाळकरांचं नाव इंग्रजीत कसं लिहून शोधायचं, कुठे कुठे विचारायचं, हे सगळं तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलंत. मी अर्ज करून अंक बघायला बसले तेव्हा दुपारी तुम्ही स्वतः येऊन विचारून गेलात, ‘सापडलं का?’

सापडलं होतं. ग्रंथालयांच्या बातम्या मराठीतून, इथे, आपल्याच गावात, शंभर वर्षांपूर्वी छापल्या जात होत्या. माझं तिसरं प्रकरण त्या पानांवर उभं आहे आणि माझ्या मते प्रबंधातलं तेच सर्वांत भक्कम आहे.

शेवटच्या टप्प्यातली एक गोष्ट लिहायलाच हवी. वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल आला आणि मी घाबरले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे दुरुस्ती करून पुन्हा सादर करावं लागतं, 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान गेलं तर वर्षभर सादरच करता येत नाही, आणि 60 टक्क्यांपलीकडे नोंदणीच रद्द होते. जुन्या अहवालांतले लांब उतारे माझ्या प्रबंधात जागोजागी आहेत. तुम्ही अहवालातला रंगवलेला एकेक भाग माझ्यासोबत वाचलात. अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरायची नसते, हे नियम उघडून दाखवलंत. अवतरणं वगळून तपासणी पुन्हा झाली आणि आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. त्या संध्याकाळी तुमची घरी जायची वेळ केव्हाच उलटून गेली होती. मी तसं म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, ‘आधी हे संपवू.’

गुजराती मुली तुम्हाला बेन म्हणतात, आम्ही ताई म्हणतो. पण अडलं की सगळ्यांची पावलं तुमच्याच टेबलाकडे वळतात. नव्यानं नोंदणी करणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते, की पहिल्या आठवड्यात जाऊन ताईंना आपला विषय सांगून ये.

आता एक विनंती. माझं ग्रंथालयाचं कार्ड लवकरच परत करावं लागेल, तरी ग्रुपमधून मला काढू नका. शाळेतल्या मुलांसाठी काही प्रदर्शन किंवा ग्रंथालय-भेट असेल तर कळवा, मी वर्ग घेऊन येईन. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, चढला की पहिली लिंक तुम्हाला पाठवते. आणि तोंडी परीक्षेची तारीख लागली की फोन करते. त्या दिवशी तुम्ही सभागृहात हव्यात. आई तुमच्यासाठी पुरणपोळी करणार आहे, तेव्हा डबा घेऊन येऊ नका.

आपली कृतज्ञ,
दांडिया बाजारातली तुमची विद्यार्थिनी