संत्र्याच्या वेबसाइटवर संत्र्याची माहिती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या आणि बचत गटांच्या वेबसाइट उघडल्या की पहिल्या पानावर बहुधा फीत कापतानाचे फोटो सरकत असतात. खाली ध्येय, उद्दिष्टे आणि अध्यक्षांचे मनोगत. बंगळुरूचा किंवा दिल्लीचा व्यापारी जे शोधायला येतो, ते मात्र सापडत नाही. आंबिया बहार (हिवाळी फुलोऱ्याची संत्री) कधी तुटणार, मृगाचा (पावसाळी फुलोऱ्याचा) माल आहे का, क्रेटमध्ये निव्वळ किती किलो बसतात, आकाराप्रमाणे प्रतवारी करून देता का, मेणाचा लेप आहे का, गाडी कुठे लावायची? उत्तर मिळाले नाही की तो सरळ दलालाला फोन लावतो.

वेबसाइट बनवणाऱ्याकडे जाण्याआधी एक हंगाम फोनवर येणारे प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत. जो प्रश्न जास्त वेळा येतो, त्याचे उत्तर सर्वांत वर. वायगावची हळद ‘उच्च प्रतीची’ आहे, हे वाचून कोणी ऑर्डर देत नाही. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कुरकुमिनचे प्रमाण, प्रयोगशाळेचा अहवाल आणि त्यावरची तारीख दिसली तर बोलणे पुढे सरकते. भिवापुरी मिरची देठासह आहे की देठ खुडून, पोते किती किलोचे, हेही लिहावे. भौगोलिक मानांकनाचा (ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणाऱ्या ‘जीआय’चा) उल्लेख करायचा असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. माल त्या गावात पिकला, एवढे पुरत नाही. भाव रोज बदलतो म्हणून बरेच जण तो गाळतातच. त्यापेक्षा मागच्या आठवड्यात काय भावाने माल गेला ते तारखेसह द्यावे, आणि बदलायला माणूस नसेल तर मात्र अजिबात देऊ नये. दोन वर्षांपूर्वीचा भाव दिसला की कंपनी बंद पडली असेच वाटते.

आता मराठी मजकुराचे. फ्लेक्सवाल्याकडची कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल जशीच्या तशी चिकटवली की फोनवर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण तो फॉन्ट वाचणाऱ्याच्या फोनमध्ये नसतो. मग त्यावर तोड म्हणून मजकुराचा फोटोच टाकतात. तो डोळ्यांना वाचता येतो, पण गूगलवर ‘वरूड संत्रा’ शोधणाऱ्याला त्या मजकुरावरून पान सापडेलच असे नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीने टाइप केलेला हवा. जुनी फाइल कन्व्हर्टरमधून काढली तरी रफार आणि ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरे मोडतात, म्हणून पुन्हा वाचून घ्यावी. मालाची माहिती हिंदी-इंग्रजीतही द्यावी, हैदराबादचा खरेदीदार मराठीत शोधणार नाही.

सर्वांत महाग पडते ती मालकी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्याच ईमेलवर नोंदवलेले असावे. अनेक ठिकाणी ते बनवणाऱ्याच्या खात्यात असते. त्याने धंदा बदलला किंवा फोन उचलणे सोडले की नूतनीकरण राहते आणि व्हिजिटिंग कार्डावर, पेटीवर, पाकिटावर छापलेला पत्ता निकामी होतो. डॉट इन डोमेनला वर्षाला साधारण हजाराच्या आत खर्च येतो, तेवढ्यासाठी छापलेली पाकिटे वाया घालवायची का? गूगलने व्यवसायांना फुकट दिलेल्या वेबसाइटही मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हा फुकटच्या पत्त्यावर विसंबू नये. गूगलच्या नकाशावरची फुकट नोंद मात्र जरूर करावी.

संपर्काचा फॉर्म भरूनही उत्तर येत नाही, अशी तक्रार नेहमीची. स्वस्त होस्टिंगवरून (वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवरून) फॉर्मचा मेल बऱ्याचदा भरणाऱ्याच्याच पत्त्याने निघतो, त्यामुळे जीमेल तो बनावट समजून स्पॅममध्ये टाकतो किंवा घेतच नाही. त्याऐवजी सरळ व्हॉट्सॲपची लिंक द्यावी. तिच्यात ९१ लिहून पुढे दहा अंकी नंबर, मध्ये अधिकचे चिन्ह, शून्य किंवा रेघ नको.

फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो सरकत ठेवले तर रेंज कमी असलेल्या धारणी-चिखलदऱ्याकडे पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. रुंदी १२०० पिक्सेल आणि वजन २०० केबीच्या आत ठेवले की भागते. सरकते फोटो तर काढूनच टाकावेत.

उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच. तिची वेबसाइट असेल तर २०१४च्या नियमांप्रमाणे पहिल्या पानावर नोंदणीकृत पत्ता, कंपनी ओळख क्रमांक, फोन, ईमेल आणि चौकशीसाठी संपर्क-व्यक्तीचे नाव द्यावे लागते. खाद्यपदार्थ विकत असाल तर चौदा अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांकही दाखवावा. मनोगतासाठी पान असते, यासाठी नसते!

वर्डप्रेस (वेबसाइट चालवणारे सॉफ्टवेअर) आणि त्यातली प्लगइन (जोडप्रोग्राम) अद्ययावत केली नाहीत तर कोणीतरी आत शिरून जपानी मजकुराची शेकडो पाने टाकू शकतो. मालकाला पहिले पान नेहमीसारखेच दिसते, म्हणून पत्ताच लागत नाही. गूगलमध्ये ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत, मग कोलन (:) आणि त्याला लागूनच आपला पत्ता टाकला की कोणती पाने नोंदली गेलीत ते दिसते. महिन्यातून एकदा पाहावे.

वेबसाइट बनवून घ्यायचा ठराव घेताना बनवणाऱ्याचा शेवटचा हप्ता अडवून ठेवावा. डोमेन, होस्टिंग आणि वर्डप्रेसचे पासवर्ड व एक बॅकअप कंपनीच्या दप्तरात जमा झाल्यावरच तो द्यावा.

– एक वाचक, वरूड, जि. अमरावती