तोफगोळ्याच्या नोकरीबद्दल, आई-बाबांना

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बघ तुझं तू" म्हणतात आणि आई फोन घेऊन जेवलास का विचारते. म्हणून लिहायला बसलो. बाबा, चष्मा लावून आधी तुम्ही वाचा, काकांच्या हाती लगेच देऊ नका.

नोकरी काय होती ते नीट सांगतो, कारण गावात 'बॉम्बच्या कारखान्यात लागला' अशी आवई उठली आहे म्हणे. बॉम्ब नव्हे, 155 मिलिमीटर तोफेचा गोळा. भरल्यावर साधारण 45 किलोचा होतो, सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडा हलका. ही कंपनी त्याचं नुसतं पोलादी कवच करते: ठोकळा तापवून फोर्जिंग, मग टर्निंग, हीट ट्रीटमेंट, शेवटी तांब्याचा पट्टा. स्फोटकं दुसरीकडे भरतात. तेव्हा आई, जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यात झाला तसा स्फोट तिथं व्हायची भीती नाही. पगार आताच्या जवळजवळ दुप्पट.

इथल्या उद्यमबागेत, फौंड्रीत, इतकी वर्षं मी एकच बघत आलो, धातू तुटू नये. पंपाचं केसिंग असो की ट्रॅक्टरचा भाग, लाल रंगाचं द्रव लावून बारीक चीर शोधायची, सापडली की अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा सगळा माल, अडवून ठेवायची. गोळ्यालाही ही परीक्षा आहेच. तोफेच्या नळीत फुटला तर तोफेवरचीच माणसं मरतील. पण त्याला आणखी एक परीक्षा असते. मुलाखत झाल्यावर क्वालिटीच्या माणसानं मला एक ट्रे दाखवला. बंदिस्त खड्ड्यात गोळा फोडून, भुशातून वेचलेले पोलादाचे तुकडे वजनाप्रमाणे वेगवेगळ्या खणांत लावलेले होते. काही नखाएवढे, काही बोटाएवढे, कडा काळ्यानिळ्या आणि धारदार. मोठे तुकडे जास्त निघाले तर पोलाद नापास. पोलादात काय किती घातलंय, टेम्परिंग, म्हणजे कडक केलेलं पोलाद परत बेतानं तापवणं, कसं केलंय, यावर तुकड्यांचा आकार ठरतो. माझं काम तेच असणार होतं, तुकडे हवे तेवढे बारीक पडतील असं बघायचं.

खरं सांगतो, मला ते काम आवडलं. परतीच्या बसमध्ये डोक्यात टेम्परिंगचीच गणितं चालली होती. निपाणी आली तरी उतरलो नाही. उतरलो असतो तर घरी येऊन 'हो' म्हणून मोकळा झालो असतो. संकेश्वर गेलं. हत्तरगीच्या टोलनाक्यावर बस थांबली तेव्हा कुठं मनात आलं, की तो तुकडा नखाएवढाच का हवा, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

बाबा, तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. "आपुन तंबाखू पिकवली. तिच्यापायी किती माणसं गेली ह्याचा हिशेब कुणी ठेवलाय? त्याच पैशावर तू इंजिनिअर झालास." मी उत्तर तयार ठेवलं होतं: बिडी ओढणारा ती स्वतः विकत घेतो, गोळा ज्याच्या घरावर पडतो त्यानं तो मागितलेला नसतो. पण ते उत्तर अर्धंच आहे. आईनं जन्मात बिडी ओढली नाही. वखारीत तंबाखू चाळली, आणि दमा तिच्या वाट्याला आला. तेव्हा आपले हात फार स्वच्छ आहेत म्हणून मी मागं सरतोय असं समजू नका. फरक इतकाच, की तुम्हाला त्या रानात तेव्हा दुसरं पीक परवडत नव्हतं. मला दुसरी नोकरी आहे. हा फरक मी मोठा मानतो.

आणि दुसरं. 1981 च्या तंबाखू आंदोलनात तुम्ही निपाणीजवळ हायवेवर ठाण मांडून बसला होतात. गोळीबार झाला, शेतकरी गेले. लहानपणी मी विचारलं होतं, पोलिसांचा राग येतो का? तुम्ही म्हणालात, "गोळी झाडणाऱ्याचा न्हाई, हुकूम देणाऱ्याचा येतो." ज्यानं गोळी बनवली त्याचा तुम्ही विषयही काढला नाहीत. तो पाळी संपवून डबा घेऊन घरी गेला असेल, आणि गोळी त्यानं देशासाठीच बनवली असेल. तुम्ही त्याला सोडून दिलंत. त्याच्या जागी बसून मला स्वतःला सोडून देता येईल का, हेच मी इतके दिवस घोळवतोय.

काकांची हयात मराठा लाईट इन्फंट्रीत गेली. ते म्हणतील, मागनं तोफखाना नसंल तर पायदळानं चढायचं कसं? पटतं मला. कारगिलला बोफोर्स तोफांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि दारूगोळ्याच्या तुटवड्यावर 2015 साली कॅगनंही बोट ठेवलं होतं. गोळे कुणीतरी बनवलेच पाहिजेत. इथं टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाची विहीर आहे. गांधीजी अध्यक्ष होते ते हे एकच अधिवेशन. तिच्यावरून येता-जाता अहिंसेचा आव आणायचा म्हटलं तरी जमत नाही. त्याच गांधीजींनी 1918 साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावं पालथी घातली होती.

माझं घोडं अडलं ते निर्यातीपाशी. गोळे आपल्या सैन्याला जातात का, असं मी विचारलं. सध्याची ऑर्डर बाहेरची आहे, गिऱ्हाइकाचं नाव सांगता येत नाही, असं उत्तर आलं. मग मला फक्त आपल्या ऑर्डरवर ठेवाल का? ते हसले नाहीत, नीट समजावलं: लाइन एकच, पोलाद एकच, बॅच बदलते तसं गिऱ्हाईक बदलतं. संरक्षण साहित्याची निर्यात 2013-14 ला 686 कोटींची होती, ती 2024-25 ला 23,622 कोटींवर गेली. देशाला त्याचा फायदा असेलही. इस्रायलला शस्त्रं पाठवणं थांबवा म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका गेली होती, ती सप्टेंबर 2024 मध्ये फेटाळली गेली. परराष्ट्र धोरण सरकारनं ठरवायचं, असं कोर्ट म्हणालं. कायद्याला धरून असेल ते. पण 'वरचे बघतील' म्हणत त्या ट्रेखाली मी 'पास' लिहून सही करायची, हे काही गळी उतरेना. माल आपल्या जवानांसाठीच जात असता तर गेलो असतो, असं आज तरी वाटतं.

परवा त्यांना नाही म्हणून कळवलं.

तेव्हा स्लॅब यंदा पडत नाही, आणि बोअरचं कर्ज अजून काही वर्षं फेडत बसावं लागेल. बाबा, त्यासाठी रान विकायचा विचार करू नका, हप्ते माझे मी बघतो. ऑफरचं पत्र दाखवून इथल्या मालकांकडे पगारवाढ माग, असं एक मित्र सुचवतोय. ते मात्र मी करणार आहे. आमच्याच फौंड्रीचं कास्टिंग उद्या लष्कराच्या ट्रकात बसलं तर? बसेल. ट्रक रेशनही नेतो, असं म्हणून मी झोपेन. यावर तुम्ही हसाल, हसा.

पुढच्या रविवारी येतोय. काकांना मी तोंडानं सांगेन. भांडतील, भांडू देत. आई, दम्याचा पंप संपत आला असेल तर फोनवर सांग, येताना इथून घेऊन येतो.

तुमचा,
धाकटा