ऑगरचा तो फटका

प्रिय मित्रा,

फोनच करणार होतो. पण पहिल्याच वाक्याला तू "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणशील आणि माझं पुढचं सगळं राहून जाईल, म्हणून लिहितो आहे. आपल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या गेल्या डावात ऑगरने, म्हणजे मी चालवत होतो त्या राक्षसाने, तुझ्या चोराला (तुझ्या पात्राला) जो फटका हाणला, तो त्याला मिळायलाच नको होता. चूक माझी. आता निवांत वाच.

काल रात्री तो प्रसंग मी पुन्हा पटावर मांडला. ऑगर आडदांड, दोन बाय दोन घरं अडवून उभा. तू त्याच्या डाव्या अंगाला, क्लेरिक, आपली पुजारीण, उजव्या अंगाला निपचित पडलेली. तू सोंगटी उचललीस आणि ऑगरला चिकटूनच कोपऱ्यावर तिरकी, मग सरळ, मग परत तिरकी, अशी तीन घरांत पलीकडे नेलीस. एक घर ५ फुटांचं, म्हणजे १५ फूट. तुझं बोट अजून सोंगटीवरच होतं आणि मी म्हणालो, "थांब, ऑपॉर्च्युनिटी अटॅक." म्हणजे शत्रूच्या तावडीतून निसटणाऱ्याला बसणारा आयता फटका. फासे पडले ७ आणि ६, वर ऑगरचे ठरलेले ४, एकूण १७. तुझे उरले होते ११ हिट पॉइंट, म्हणजे जीव तेवढाच. "अरे, मी त्याच्या आवाक्याबाहेर गेलोच नाही," असं तू दोनदा म्हणालास. त्यावर मी काय बोललो? "डीएम मी आहे." म्हणजे डाव चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा मी. आठवलं की अजून कान गरम होतात.

घोळ कुठे झाला ते सांगतो. मी शिकलो ते या खेळाच्या ३.५ आवृत्तीवर, म्हणजे २००३ सालच्या पुस्तकांवर. तिथे शत्रूच्या माऱ्यातलं घर सोडलं की त्याला फटका मिळतो, मग तू जिथे चाललास ते घरही त्याच्याच माऱ्यात का असेना. त्यामुळे शत्रूभोवती नुसती प्रदक्षिणा घालणंही अंगाशी यायचं. आपण खेळतो ती २०१४ची पाचवी आवृत्ती. तिथे तू त्याच्या आवाक्यातून बाहेर पडायला लागलास तरच फटका, आणि तोही त्याला तू दिसत असशील तर. आवाक्यातल्या आवाक्यात तू फुगडी घातलीस तरी ऑगरने हात चोळत बसायचं. सोडणं दोन्हीकडे आहे. एकीकडे घर सोडणं, दुसरीकडे आवाका सोडणं. माझे डोळे नवं पुस्तक वाचत होते आणि डोकं जुनंच म्हणत होतं.

तो नियम परत वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. तुला कुणी ढकलून ऑगरपासून लांब केलं, तर फटका नाही! कारण तू स्वतःची चाल, ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती), रिॲक्शन (समोरच्याच्या हालचालीवरची झटपट कृती, ऑगरचा फटका असाच), काहीच खर्च केलेलं नसतं. आपल्या फायटरला हे सांगू नकोस, नाहीतर तो सगळ्यांना ढकलतच सुटेल.

तिरकं घर सरळ घराएवढंच कसं मोजतोस, असं मात्र तू उगाच टोचून बोललास. पाचव्या आवृत्तीत पटावर तिरकं घरही सरळ घरासारखं ५ फुटांचंच. सहा तिरकी घरं गेलास की हिशेबात ३० फूट, पण भूमितीने मोजलंस तर ४२ फुटांच्या वर. हे खोटं आहे, मान्य. ३.५ मध्ये पहिलं तिरकं ५चं, दुसरं १०चं, मग परत ५चं, असं चालायचं. तिथे ३० फुटांत चारच तिरकी बसतात आणि खरं अंतरही २८ फुटांच्या आसपास येतं. पर्यायी नियम म्हणून ते आजही घेता येतं. पण मग तुझी ती ऑगरभोवतीची चाल १५ची २० होते, बघ बुवा. मला विचारशील तर दर टर्नला "हे पाचचं का दहाचं?" करत बसण्यापेक्षा खोटी भूमिती परवडली. १९७८च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत तर चाल इंचांत लिहिलेली असायची. भुयारात १ इंच म्हणजे १० फूट आणि उघड्यावर १० यार्ड. दारातून बाहेर पडला की गडी तिप्पट लांब जायचा!

मी तुला खड्ड्यावरून उडी मारू दिली नाही, त्या बाबतीत मात्र माघार घेणार नाही. पाळीतल्या ३० पैकी २५ फूट पळून झाले होते, चाल उरली होती ५ फुटांची आणि खड्डा १०चा. "माणूस हवेत थांबतो का?" हा तुझा प्रश्न ऐकायला झकास आहे, पण उडीचा प्रत्येक फूट चालीतूनच वजा होतो. हवेत थांबायचं नाही, आधी उडीच मारायची नाही. फक्त एक चुकलं. तू चोर आहेस, बोनस ॲक्शनमध्ये (जादाच्या छोट्या कृतीत) डॅश, म्हणजे जादा धाव, करू शकतोस, मग आणखी ३० फूट मिळाले असते. तू विसरलास, ठीक आहे. माझ्या लक्षात होतं आणि मी मुद्दाम गप्प बसलो. ते मला फटक्यापेक्षा जास्त खुपतं आहे.

तर तो फटका रद्द. तुझे ११ हिट पॉइंट परत लिहिलेत, पट आवरलेला नाही. सोंगटी क्लेरिकच्या शेजारी आहे, चाल १५ फूट शिल्लक, ॲक्शन आणि बोनस ॲक्शन दोन्ही बाकी. काय करतोस ते कळव. आणि हो, ऑगरला अजून रिॲक्शन आहे, ती त्याने वापरलेलीच नाही.

तुझा,
(अजूनही) डीएम