नावं विचारायची राहूनच गेली

दादरहून गुहागरला बिऱ्हाड हलवलं ते नेमकं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. (असले मुहूर्त आमच्याच घरात निघतात.) टेम्पो पाखाडीच्या तोंडाशी अडला. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, मधून जेमतेम स्कूटर जाईल एवढी वाट. ड्रायव्हर सामान तिथेच उतरवून निघून गेला आणि पाऊस सुरू झाला. क्रिकेट सोडून धावत आलेल्या त्या पाच पोरांचे पहिले आभार. सासूबाईंचं लोखंडी कपाट त्यांनी दोर बांधून, आडवं करून, आरसा न फोडता ओटीपर्यंत नेलं. पैसे घेतले नाहीत; चहा मात्र दोनदा घेतला.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हे आम्हा मासेखाऊंच्या गावीही नव्हतं! बाजारात रिकामी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आमच्या ह्यांना सुकट आणि वर मूठभर आमसुलं देणाऱ्या मावशी, तुमचेही आभार. भर पावसात वीज जोडून गेलेल्या वायरमनदादांचेही.

लोकलचा आवाज नाही म्हणून लेकीला झोप येईना. शेजारच्या आजी उशाशी येऊन बसल्या. "अगो, गाज ऐक. तीपण रात्रभर चालूच असते."

घावन आले होते तो स्टीलचा डबा कुणाचा? त्यावर नाव नाही. घासून ठेवलाय, घेऊन जा. रिकामा देणार नाही.