कमी म्हणजे किती कमी?

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर म्हणालास, "आई, सिगारेट सुटल्यातच जमा आहे, हे यंत्र तंबाखू नुसता तापवतं, जाळतच नाही." तेव्हा वाद घातला नाही. आधी वाचून काढावं म्हटलं.

तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. झुरका ओढताना सिगारेटचं टोक ८००-९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. तुझं यंत्र साधारण ३५० च्या आत राहतं. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड फारच कमी आणि धुरातली बरीच विषारी द्रव्यंही कमी. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'आयकॉस' या अशाच यंत्राच्या कंपनीला एवढं सांगायची मुभा दिली, की सिगारेट पूर्ण सोडून याकडे वळलं तर घातक रसायनांशी संपर्क कमी येतो. कंपनीला 'आजाराचा धोका कमी होतो' असंही म्हणायचं होतं. पुरावा पुरेसा नाही म्हणून ते नाकारलं. हे दुसरं तुला कुणी सांगितलं नसणार!

संपर्क घटला की आजारही त्याच मापात घटेल, असं आपण धरून चालतो. हृदयाचा हिशोब तसा नाही. २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जुन्या अभ्यासांचा एक आढावा आला होता. रोज २० सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. हे यंत्राबद्दल नाही, तू मित्रांबरोबर अजून 'एखादी' ओढतोस ना, त्याबद्दल आहे.

आणि निकोटिन? ते जवळपास सिगारेटइतकंच मिळतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, तलफ जिथल्या तिथे.

मागच्या वेळी यंत्रात घालायची तंबाखूची एक वापरलेली कांडी खिडकीत विसरून गेलास. मी ती नखाने उकलली. यंत्राचं तापणारं पातं घुसतं तिथला तंबाखू करपल्यासारखा काळपट झाला होता आणि आतला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आक्रसला होता. २०१८ च्या एका अभ्यासात संशोधकांनाही करपल्याच्या खुणा दिसल्या, आणि तापलेल्या पापुद्र्यातून फॉर्माल्डिहाइड सायनोहायड्रिन हे विषारी द्रव्य सुटताना आढळलं. नुसती वाफ म्हणे!

सगळ्यात खटकलं ते वेगळंच. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणारी संस्था. तिच्या २०२२ च्या आढाव्यात अशा यंत्रांवरच्या ११ नियंत्रित चाचण्या होत्या. सगळ्यांना पैसा तंबाखू कंपन्यांचा, पाठपुरावा बहुतेक जेमतेम तीनेक महिन्यांचा, आणि यामुळे किती जणांची सिगारेट सुटली हे एकीनेही नोंदवलेलं नाही. आयकॉस २०१४ मध्ये नागोया आणि मिलानमध्ये प्रथम विकायला आलं. कर्करोगाला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणजे त्याबद्दल छातीठोक बोलायला अजून कुणालाच जागा नाही.

पुन्हा सिगारेटकडे वळ असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. पण ती 'एखादी' आजपासून बंद कर. मग हे यंत्रही सोडायचं. निकोटिनचे पॅच, च्युइंगगम, तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या यांच्या मागे कितीतरी भक्कम चाचण्या आहेत. डॉक्टर बघून देतील. त्यांच्याकडे जाताना दिवसाला किती कांड्या लागतात ते खरं लिहून ने. सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते, हेही विचारतील.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. डॉक्टरांची वेळ ठरली की तूच सांग.

तुझी,
आई