मीटर बदलण्याआधी

संपादक महोदय,

जुन्या गाडीत पेट्रोलचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे एकदमच चुकू लागले की सरसकट मीटर बदलले जातात. पण दोन मीटर एकाच दिवशी कशाला बिघडतील? दोघांना सरासरी 10 व्होल्ट पुरवणारा स्टॅबिलायझर आधी तपासावा. त्याची अर्थिंग सुटली की 12 व्होल्ट थेट जातात आणि काटे वर चढतात. तापून वाकणाऱ्या पत्तीच्या स्टॅबिलायझरवर डिजिटल मल्टिमीटरचे आकडे नाचतात. तो दोष नव्हे, पत्ती सतत उघडझाप करते.

एकच काटा मेला असेल, तर इग्निशन बंद ठेवून सेंडरची (टाकीत किंवा इंजिनावर बसवलेला, मीटरला माप कळवणारा भाग) वायर काढून गाडीच्या बॉडीला जोडावी, मग इग्निशन चालू करावं. काटा चढू लागताच बंद! जास्त वेळ ठेवल्यास मीटर जळतो. काटा हलला, तर दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन