तक्रार पत्र: अलहाम्ब्राचं तिकीट काढू नका, असं तुम्हीच सांगितलं होतं

दिनांक: १८ जून २०२५
वायादोलिद, स्पेन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय
(ई-मेलने, सही केलेली प्रत आई कराडहून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवत आहे.)

विषय: २२ ते २५ मे २०२५ च्या माद्रिद–ग्रानादा–कोर्दोबा–सेविया सहलीत ग्रानादाच्या अलहाम्ब्रा या ऐतिहासिक परिसरातले नासरीद राजवाडे (तिथल्या शेवटच्या मुस्लिम घराण्याचे महाल) न दाखवल्याबद्दल तक्रार आणि भरपाईची मागणी

महोदय,

मी पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे आणि फेब्रुवारीपासून एका सत्रासाठी वायादोलिदच्या विद्यापीठात शिकते आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आई मला भेटायला आली, तेव्हा आम्ही दोघींनी तुमची चार दिवसांची सहल घेतली. माणशी ५८,५०० रुपये, दोघींचे मिळून १,१७,००० रुपये आईने मार्चमध्ये कराडच्या बँकेतून भरले. पावती सोबत जोडली आहे.

एकट्यासाठी मी तुमच्याकडे आले नसते. चार महिन्यांत मोडकंतोडकं स्पॅनिश जमायला लागलं आहे, रेल्वेने आणि बसने मी बरीच फिरले आहे. पण आई पहिल्यांदाच देशाबाहेर पडत होती. तुमची जाहिरात मराठीत होती, फोनवर बोलणारी माणसं मराठी होती आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘अलहाम्ब्रा, सर्व प्रवेशशुल्कासह’ असं ठळक छापलेलं होतं. त्या एका ओळीसाठी आम्ही पैसे भरले.

ही ओळ आमच्यासाठी एवढी मोठी का होती, ते सांगते. आई शाळेत इतिहास शिकवते. १४९२ म्हटलं की मुलं ‘कोलंबस’ म्हणून ओरडतात, आणि मग आई त्यांना सांगते की त्याच वर्षी २ जानेवारीला ग्रानादा पडलं, स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य संपलं, आणि कोलंबसाच्या सफरीचा करार त्यानंतर साडेतीन महिन्यांनी ग्रानादाजवळच्याच सांता फे गावात झाला. सहलीआधी ती वायादोलिदला माझ्याकडे राहिली. कोलंबस याच गावात १५०६ साली वारला. त्याच्या नावाचं इथलं संग्रहालय पाहून बाहेर पडताना ती म्हणाली, “शेवट बघितला, आता सुरुवात बघू.” तिची सुरुवात म्हणजे अलहाम्ब्रा.

अलहाम्ब्राची तिकिटं कशी असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. प्रत्येक तिकिटावर प्रवाशाचं नाव आणि पासपोर्टचा क्रमांक येतो. नासरीद राजवाड्यांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत. याशिवाय एक वेगळं, स्वस्त तिकीट असतं. त्यात बागा, हेनेरालिफे हा सुलतानांचा उन्हाळी वाडा आणि आल्कासाबा हा किल्ला पाहता येतो, पण नासरीद राजवाडे नाहीत. हे सगळं वाचलेलं असल्यामुळेच मी ११ मार्चला तुमच्या कार्यालयाला ई-मेल करून विचारलं होतं की राजवाड्यांची तिकिटं मी स्वतः काढून ठेवू का. त्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर २३ मेच्या वेळा शिल्लक होत्या. त्याचा स्क्रीनशॉट सोबत आहे. तुमचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: “वेगळं तिकीट काढू नका. नासरीद पॅलेससकट सगळं पॅकेजमध्ये आहे.”

मी काढलं नाही. माझी तक्रार मुळात एवढीच आहे. तुम्ही काहीच सांगितलं नसतं तर मी काढलं असतं.

२३ मेला सकाळी पावणेनऊच्या सुमारास बसमध्ये तुमच्या टूर लीडरने तिकिटं वाटली. माझ्या हातातल्या कागदावर बागा, हेनेरालिफे आणि आल्कासाबा एवढंच लिहिलेलं होतं. मी ते त्याला दाखवलं. त्याने पुण्याला फोन लावला, दहा मिनिटं बोलला आणि मग माइकवरून सांगितलं की राजवाडे आज दुरुस्तीसाठी बंद आहेत. बसमधल्या सगळ्यांनी ते मान्य केलं. मीही केलं. आईला म्हटलं, असू दे, बागा तरी बघू.

हेनेरालिफे पाहून आम्ही पाचव्या कार्लोसच्या राजवाड्याजवळ आलो. नासरीद राजवाड्यांचं प्रवेशद्वार तिथेच शेजारी आहे. तिथे माणसांची रांग होती आणि ती पुढे सरकत होती. आईने विचारलं, “हे लोक कुठे चाललेत गं?”

मी दारावरच्या बाईंना जाऊन विचारलं. राजवाडे उघडे होते. आजची तिकिटं संपली आहेत, एवढंच त्या म्हणाल्या. परत येऊन मी आईला ते सांगितलं, तेव्हा ती काही बोलली नाही. सावलीतल्या कठड्यावर बसली आणि पाण्याची बाटली मागितली. तिकीट चुकीचं निघालं असतं आणि तुम्ही ‘आमची चूक झाली’ म्हणाला असता, तर मी आज हे पत्र वेगळ्या सुरात लिहिलं असतं. पण सत्तावीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला त्या दारापासून वीस पावलांवर उभं करून तुम्ही ‘बंद आहे’ असं खोटं सांगितलंत.

त्याच दुपारी आमच्यातल्या काही ज्येष्ठ प्रवाशांना कार्लोसचा राजवाडा दाखवून ‘हाच सुलतानाचा महाल’ असं सांगण्यात आलं. चौकोनी इमारतीच्या पोटात गोल चौक असलेली ही वास्तू प्रबोधनकाळातली आहे. ग्रानादा पडल्यावर पस्तीस वर्षांनी, १५२७ मध्ये, पेद्रो माचुकाने ती ख्रिस्ती राजासाठी बांधायला घेतली. तिच्या चौकात कुणालाही फुकट जाता येतं. आयुष्यात एकदाच इतक्या लांब येणारी माणसं हे चुकीचं चित्र खरं मानून घरी गेली. त्यांच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही, पण तुम्ही त्यांना कळवावं असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी कोर्दोबात शनिवारी सकाळी साडेआठला आम्हाला मशीद-कॅथेड्रलच्या दारात सोडलं आणि ‘एकेकटे आत जा, ग्रुप आहे असं सांगू नका’ अशी सूचना दिली. कारण तिथल्या फलकावर लिहिलं होतं: साडेआठ ते साडेनऊ हा तास एकट्यादुकट्यांसाठी मोफत असतो, शांतता पाळावी लागते आणि गटांना परवानगी नसते. तुमच्या पावतीत मात्र या जागेचं प्रवेशशुल्कही लावलं आहे आणि गाइडचेही पैसे घेतले आहेत. गाइड आत आलाच नाही. तो तास सुंदर गेला, हे मी नाकारणार नाही. ८५६ खांबांच्या त्या रानात, लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींखाली आई आणि मी अगदी हळू चालत होतो. पण त्या तासाचे पैसे तुम्ही कशाचे घेतलेत?

जेवणाबद्दल थोडक्यात. ‘शाकाहारी’ म्हणून दोन्ही दिवस बटाट्याचं ऑम्लेट पुढे आलं. आई अंडं खात नाही, हे अर्जात लिहिलेलं होतं. तिने पाव, सॅलड आणि माझ्याकडच्या शेंगदाण्याच्या चटणीवर भागवलं. सेवियात काही तक्रार नाही. तिथल्या आल्काझार या राजवाड्याची तिकिटं बरोबर होती. बसचालकही चांगले होते. आई दमलेली दिसली की ते न सांगता पायरीशी येऊन तिला हात देत.

आई ३० मेला परत गेली. माझा या सत्राचा अभ्यास चौकातलं पाणी या विषयावर आहे, वाड्यातला हौद आणि इथले अंगणातले तलाव असा. नासरीद राजवाडे पाहिल्याशिवाय तो पुरा होणार नव्हता, म्हणून १२ जूनला मी स्वतःच्या पैशाने पुन्हा ग्रानादाला गेले. रेल्वे, एक रात्र राहणं आणि तिकीट मिळून १६८ युरो झाले.

आत गेल्यावर कळलं की आईचं काय राहिलं. आरायानेसच्या चौकात लांब तलाव आहे आणि त्याच्या टोकाला कोमारेसचा बुरूज पाण्यात उलटा उभा दिसतो. पाणी इतकं काठोकाठ भरलेलं आहे की जमीन आणि पाणी यांच्यात पायरी अशी उरतच नाही. तिथून सिंहांच्या चौकात गेलं की सगळं बदलतं. १२४ बारीक खांब, मध्ये बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर दगडी कुंड आणि चारी बाजूंनी जमिनीतल्या अरुंद पाटांतून येणारं पाणी. कुंडाच्या काठावर इब्न झमरक या कवीच्या ओळी कोरलेल्या आहेत. भिंतींवर ‘अल्लाहशिवाय विजेता कोणी नाही’ हे नासरीदांचं बोधवाक्य पुन्हा पुन्हा येतं. हे त्या घराण्याने लिहिलं, ज्याला शेवटी किल्ल्या दुसऱ्याच्या हातात द्याव्या लागल्या. हे आईने तिथे उभं राहून मला सांगायला हवं होतं. मी तिला फोटो पाठवले. तिने उत्तरात लिहिलं, “छान आलेत. स्वतः नीट बघितलंस ना?”

आता मागणी. सहलीच्या रकमेचे तीस टक्के, म्हणजे दोघींचे ३५,१०० रुपये, आणि माझ्या दुसऱ्या फेरीचे १६८ युरो (त्या दिवशीच्या दराने रुपयांत) आईच्या खात्यात जमा करावेत. तिकीट चुकीचं काढलं होतं आणि राजवाडे त्या दिवशी बंद नव्हते, हे आईच्या नावाने पत्र पाठवून लेखी कबूल करावं. तिला पैशांपेक्षा हे पत्र जास्त हवं आहे, आणि मलाही. कार्यक्रमपत्रिकेत अलहाम्ब्राचं नेमकं कोणतं तिकीट आहे ते यापुढे स्पष्ट छापावं. आमच्याकडून घेतलेल्या टीसीएसचं (परदेश सहलीच्या रकमेवर तुम्ही आधीच वसूल करता तो कर) प्रमाणपत्रही अजून आलेलं नाही, तेही पाठवावं.

टूर लीडरला कामावरून काढा, असं मी म्हणत नाही. तो माझ्याच वयाचा होता आणि त्याने आधी पुण्याला विचारलं होतं. माइकवर काय सांगायचं हे त्याला कुणी सांगितलं, ते तुम्ही तुमच्या कार्यालयात शोधा.

१० जुलैपर्यंत उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि आई सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, त्यासाठी तिला पुण्याला यावं लागणार नाही. ११ आणि १२ मार्चचे ई-मेल, स्क्रीनशॉट, २३ मेची दोन्ही तिकिटं, पावती आणि माझ्या १२ जूनच्या तिकिटाची प्रत सोबत आहे.

मी २ जुलैला भारतात परत येते आहे. त्यानंतर फोनवर बोलायचं असेल तर आधी आईला करावा. शाळा दुपारी सुटते, म्हणून संध्याकाळी सहानंतर करावा.

आपली,
बुकिंग अर्जावरील दुसरी प्रवासी
(पहिली प्रवासी: माझी आई)